बाबांचा लॅपटॉप, दोन डिस्क आणि आर्च लिनक्स: प्रकल्प नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

बाबांचा लॅपटॉप आज एकदाचा उघडला. २०१३ चा आहे, विंडोज ८ घेऊन आला होता, मग फुकट मिळतंय म्हणून १० टाकलं आणि तेव्हापासून तो चालू करून बाबा चहा ठेवायला जातात, चहा पिऊन होतो तेव्हा डेस्कटॉप दिसतो. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि ११ या प्रोसेसरला घेतच नाही. नवीन घेऊ म्हणलं तर बाबा म्हणाले, "अगं चालतोय की हा, फक्त हळू आहे." म्हणून हा उद्योग.

आतमध्ये ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. त्यात सोसायटीचे हिशोब (बाबा आठ वर्षं खजिनदार होते) आणि घरातले सगळे फोटो, साधारण ३१० जीबी. बॅकअप? "आहे ना, त्यातच दुसऱ्या फोल्डरमध्ये." बरं.

ठरवलंय ते असं. मेन जागेत २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची, जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवायची, एसएसडीवर आर्च (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं, जुन्या डिस्कला सध्या हात लावायचा नाही. आर्च का, तर मला एकदा सगळं हाताने करून बघायचंय. त्याच्या आयएसओमध्ये (इन्स्टॉल करायला उतरवून घेतात ती फाइल) २०२१ पासून आर्चइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट येते, प्रश्न विचारते आणि सगळं करून देते, पण दोन डिस्कपैकी एकीवर आयुष्यभराचे फोटो असताना पार्टिशनचं, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचं, काम स्क्रिप्टवर सोडायला मला धीर होत नाही. हाताने चुकलं तर निदान काय चुकलं ते कळेल.

कॅडी दोन जाडीच्या येतात, ९.५ एमएम आणि १२.७ एमएम. आधी मोजा. मी नाही मोजली, भर पावसात परत दुकानात.

रविवार, १५ जून

दिवसभर बॅकअप. माझी बाहेरची डिस्क लावली आणि विंडोजमधूनच कॉपी टाकली, सहा तास लागले. बाबा दर अर्ध्या तासाने येऊन बघत होते, "झालं का गं?" कॉपी झाल्यावर फाइलींची संख्या जुळवली, मग पंधरावीस फोटो रँडम उघडून बघितले. एक फोल्डर जुळत नव्हतं, त्यात थंबनेलच्या लपवलेल्या फाइली होत्या, सोडून दिलं.

विंडोज आहे तोवर अजून एक काम करून घेतलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याची एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम, म्हणजे फाइली ठेवायची पद्धत) पार्टिशन लिनक्समध्ये लावायला गेलं की कुरकुर करते, आणि तरी जबरदस्तीने लावून त्यात लिहिलं तर डेटाची वाट लागू शकते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीने हायबरनेट पण बंद केलं, एकदा चेकडिस्क चालवलं आणि मग नीट शट डाउन.

संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर आयएसओ डाउनलोड केली, चेकसम जुळवला (फाइल नीट उतरली का ते कळतं), डीडी कमांडने पेनड्राइव्हवर लिहिली. डीडी विचारत बिचारत काही नाही, ज्या डिस्कचं नाव दिलं तिच्यावर लिहून मोकळा. म्हणून एंटर दाबायच्या आधी पेनड्राइव्ह काढून एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड), परत लावून एलएसबीएलके, जी ओळ नवीन आली ती आपली. बावळट पद्धत आहे पण मला झोप लागते.

मंगळवार, १७ जून

ऑफिस सुटल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. एसएसडी बसली, हार्ड डिस्क कॅडीत गेली. कॅडीचा एक स्क्रू बसत नाही, सध्या तीनवर चाललंय. (या स्क्रूबद्दल पुढे अजून येईल.)

सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, आर्चची आयएसओ ते चालू असताना बूट होत नाही. पेनड्राइव्हवरून चालू केलं, काळी स्क्रीन आणि रूटचा (सगळे अधिकार असलेल्या यूजरचा) प्रॉम्प्ट. बाबा मागून, "हे काय, डॉस?"

पहिलं काम म्हणजे आपण यूईएफआयने (मशीन सुरू करायची नवी पद्धत) बूट झालोय का जुन्या बायॉस पद्धतीने ते बघणे. सिस फर्मवेअरच्या खाली ईएफआय नावाची डिरेक्टरी असेल तर यूईएफआय. आहे. आत प्लॅटफॉर्म साइझची फाइल आहे तिच्यात ६४ दिसलं, म्हणजे सरळ मार्ग.

बायॉस असतं तर जीपीटी (पार्टिशनच्या टेबलचा नवा प्रकार) डिस्कवर ग्रबसाठी (सिस्टम सुरू करून देणारा बूट लोडर) १ एमबीची वेगळी बायॉस बूट पार्टिशन करायला लागली असती. त्या पार्टिशनच्या टाइपचा जो लांबलचक आयडी आहे त्याचे बाइट डिस्कवर अक्षरं म्हणून वाचले तर "हा! आय डोन्ट नीड ईएफआय" असं वाक्य निघतं, कोणीतरी मुद्दाम बसवलेलं. हे वाचून मी एकटीच हसत बसले होते, घरात कोणाला सांगणार.

वायफाय कार्ड लाइव्हमध्ये (पेनड्राइव्हवरून चाललेल्या आर्चमध्ये) दिसलंच नाही. फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग, चाललं. वेळ सिंक झाली का बघितलं. आज इतकंच, उद्या लवकर ऑफिस.

बुधवार, १८ जून

आजची नोंद नीट लिहिते कारण आज थोडक्यात बचावले.

वर्क फ्रॉम होम होतं, संध्याकाळी सहाला बसले. एलएसबीएलकेमध्ये एसडीए २२३.६ जी, एसडीबी ४६५.८ जी, एसडीसी पेनड्राइव्ह. (२४० ची एसएसडी २२३.६ दिसते, ५०० ची हार्ड डिस्क ४६५.८. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४ च्या, कोणी काही चोरलेलं नाही. बाबांना हे समजावायला वेगळी दहा मिनिटं गेली.) म्हणजे एसडीए माझी एसएसडी. हिशोबाच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून काढलं:

एसडीए१, १ जीबी, ईएफआय (सिस्टम सुरू करायच्या फाइली), फॅट३२, /बूट वर
एसडीए२, ८ जीबी, स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा (रॅम ८ आहे, बाबांना झाकण मिटून तसंच सोडून द्यायची सवय आहे म्हणून पुढेमागे हायबरनेट लागलं तर)
एसडीए३, ६० जीबी, रूट (सिस्टमची मुख्य पार्टिशन), ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम)
एसडीए४, उरलेली सगळी, १५४ च्या आसपास, /होम, ईएक्सटी४

होम वेगळं ठेवलं कारण उद्या मी आर्च मोडलं, आणि मी ते मोडणार आहे, तर रूट पुसून परत टाकता येईल, बाबांच्या फाइली जागच्या जागी. ६० जीबी रूटला पुरेल का? माझ्या मशीनवर दोन वर्षांत ३० च्या वर गेलेलं नाही.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमचा मोह झाला होता, सबव्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट वगैरे. पण काही बिघडलं तर फोनवर बाबांना सांगून दुरुस्त करता येईल असं काहीतरी हवंय. ईएक्सटी४ २००८ पासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्थिर म्हणून आहे, कंटाळवाणी आहे, आणि मला तेच हवंय.

मग एफडिस्क, पार्टिशन पाडायची कमांड. जी दाबलं, नवीन जीपीटी टेबल. एन, पार्टिशन नंबर १, सुरुवात २०४८ वा सेक्टर आपोआप (५१२ बाइटच्या हिशोबाने बरोबर १ एमबी, म्हणजे अलाइनमेंट जुळते, ते बदलायचं नाही), शेवट अधिक १ जी. परत एन, परत एन, परत एन. टी दाबून पहिलीचा टाइप ईएफआय सिस्टम केला, दुसरीचा लिनक्स स्वॅप. पी दाबून यादी बघितली, छान चार ओळी. आता फक्त डब्ल्यू, म्हणजे डिस्कवर लिही.

आणि लाइट गेली.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, चार्जर काढला की बंद. आख्खी गल्ली अंधारात, आई मेणबत्ती शोधतेय, मी डोक्याला हात लावून बसलेय. पण घाबरायचं कारण नव्हतं हे नंतर लक्षात आलं, एफडिस्कमध्ये डब्ल्यू दाबेपर्यंत जे काय चाललेलं असतं ते सगळं मेमरीत असतं, डिस्कवर एक बाइट गेलेला नसतो. चुकलं असं वाटलं तर क्यू दाबून निघून जायचं.

पाऊण तासाने लाइट आली. परत पेनड्राइव्हवरून बूट. वहीचं पान समोर होतं, त्यावर स्वच्छ लिहिलेलं एसडीए, मी टाइप केलं एफडिस्क स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए. सवयीने आधी पी दाबलं.

४६५.८. खाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा.

अंगावर काटा आला. बूट झाल्यावर कर्नलला या वेळी कॅडीतली डिस्क आधी सापडली आणि तिला एसडीए नाव मिळालं, एसएसडी झाली एसडीबी. ही नावं म्हणजे रांगेतले नंबर आहेत, जो आधी येईल तो पहिला, उद्या परत वेगळे. मला हे माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी पानावर एसडीए लिहिलं आणि पानावर विश्वास ठेवला. पी च्या ऐवजी सरळ जी, चार एन आणि डब्ल्यू केलं असतं तर बाबांच्या डिस्कचं टेबल गेलं असतं. बॅकअप आहे हो, पण तरी.

क्यू. उठून पाणी प्यायले.

त्यानंतर वहीतलं एसडीए खोडलं आणि त्याच्या जागी मॉडेल आणि सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिले. एलएसबीएलकेला सांगितलं की ते कॉलम पण दाखवते, शिवाय रोटा म्हणून एक कॉलम आहे, फिरणाऱ्या डिस्कला १, एसएसडीला ०. आणि डेव्ह डिस्क बाय-आयडीच्या खाली प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि सिरियलचं पूर्ण नाव असतं, ते वापरलं तर नंबर बदलले काय नाही काय. लांब आहे, टॅब दाबला की पूर्ण होतं, कंटाळा करायचा नाही. इथून पुढे कुठलीही डिस्कची कमांड बाय-आयडीनेच द्यायची असं ठरवलं. (अपवाद केलाच, शनिवारची नोंद बघा.)

परत सगळं केलं, या वेळी डब्ल्यू. टेबल लिहिलं गेलं. रात्रीचे अकरा, फॉरमॅट उद्या.

गुरुवार, १९ जून

अर्धा तासच मिळाला. फॉरमॅट केलं.

पहिलीला एमकेएफएस फॅट, हायफन कॅपिटल एफ ३२. दुसरीला एमकेस्वॅप. तिसरी आणि चौथीला एमकेएफएस ईएक्सटी४, लेबल दिलं, "रूट" आणि "घर" असं लॅटिन अक्षरांत. लेबल द्यायला हायफन कॅपिटल एल, फुकटचं काम आहे, पुढे एलएसबीएलके हायफन एफमध्ये बघताना फार बरं वाटतं.

ईएक्सटी४ बाय डिफॉल्ट ५ टक्के जागा रूट यूजरसाठी राखून ठेवते, डिस्क भरली तरी सिस्टम चालत राहावी म्हणून. रूट पार्टिशनवर ठीक आहे, पण होमवर १५४ चे ५ टक्के म्हणजे पावणेआठ जीबी उगाच अडकतात. ट्यून२एफएस हायफन एम १ करून १ टक्क्यावर आणली.

शनिवार, २१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामी, आमच्याकडचे रस्ते बंद, कुठे जाता येणार नाही म्हणजे आज इन्स्टॉल करूनच टाकू म्हणून सकाळी बसले.

माउंट करताना, म्हणजे पार्टिशन एखाद्या डिरेक्टरीवर लावताना, क्रमाला महत्त्व आहे. आधी रूट पार्टिशन /एमएनटी वर लावायची, मग तिच्या आत बूट आणि होम. उलटं केलं, आधी /एमएनटी/बूट लावलं आणि मग वरून /एमएनटी वर रूट, तर बूट झाकलं जातं. माउंटला मेकडीआयआर ऑप्शन दिला की नसलेली डिरेक्टरी तोच बनवतो.

रूट लावली. होम लावली. स्वॅपऑन केलं. तेवढ्यात आईची हाक, खाली वारकऱ्यांना केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटायचे होते, सोसायटीतले सगळे उतरले होते, गेले. तास दीड तास तिकडेच. टाळ मृदंग कानात घेऊन वर आले, स्क्रीनवर शेवटची कमांड स्वॅपऑन दिसली, ती माझ्या डोक्यात शेवटचीच होती, म्हणलं माउंटचं झालं.

नव्हतं झालं. बूट राहिलं होतं. आणि एक एलएसबीएलके मारून बघायला दोन सेकंद लागतात, ते मी बघितलं नाही.

पॅकस्ट्रॅपने पॅकेजं टाकली: बेस, लिनक्स, लिनक्स-फर्मवेअर, इंटेल-यूकोड, नॅनो, नेटवर्कमॅनेजर. फोनच्या नेटवर पाऊण तास. मग जेनएफएसटॅब हायफन कॅपिटल यू, /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय कुठे लावायचं त्याची यादी) जोडलं. मग आर्च-सीएचरूट, म्हणजे नव्या सिस्टमच्या आत शिरले, टाइमझोन एशिया कोलकाता, लोकेल इंग्रजी आणि मराठी दोन्ही, होस्टनेम, रूटचा पासवर्ड, बाबांचा यूजर.

मग बूटसीटीएलने बूट लोडर इन्स्टॉल केला तर तक्रार, की /बूट ही ईएफआय पार्टिशन नाहीये. अरेच्चा. तेव्हा ट्यूब पेटली. पण पेटली अर्धीच. मी काय केलं, सीएचरूटच्या आतूनच ती फॅट पार्टिशन /बूटवर लावली (घाईत एसडीबी१ लिहून, बाय-आयडीचा नियम तीन दिवस टिकला), बूटसीटीएल परत चालवलं, गुपचूप झालं. लोडरची एंट्री लिहिली, कर्नल, यूकोड (प्रोसेसरचे अपडेट), इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल), रूटचा यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा आयडी). बाहेर आले, अनमाउंट, रीबूट.

मेन्यू आला. आर्च लिहिलेली ओळ आली. एंटर. कर्नलची फाइल सापडत नाही.

बाबा: "झालं?"
मी: "जवळपास."

रविवार, २२ जून

रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं काय झालंय ते.

आजीच्या घरी स्वयंपाकघरात एक कोनाडा होता, त्यात काडेपेटी, निरांजन, सुट्टे पैसे असायचे. एका वर्षी मामाने नेमकं त्याच खिळ्यावर मोठं कॅलेंडर टांगलं. कोनाडा दिसेनासा झाला, आजी दोन दिवस काडेपेटी शोधत होती. काडेपेटी कुठेही गेली नव्हती, कॅलेंडरच्या मागे होती.

माउंट म्हणजे ते कॅलेंडर. /बूट ही रूट पार्टिशनवरची साधी डिरेक्टरी, कोनाडा. पॅकस्ट्रॅप चाललं तेव्हा तिच्यावर काही टांगलेलं नव्हतं, त्यामुळे कर्नल आणि इनिटरॅमएफएस कोनाड्यात जाऊन बसले, म्हणजे ईएक्सटी४ वर. नंतर मी वरून फॅट पार्टिशन टांगली. ती रिकामी. बूट लोडर आणि एंट्री तिच्यावर लिहिली गेली, आणि यूईएफआय व लोडर बघतात ते फक्त तिलाच, त्यांना कॅलेंडरच्या मागचं दिसत नाही. म्हणून मेन्यू आला आणि कर्नल नाही आला.

दुरुस्ती सोपी निघाली, काहीही परत फॉरमॅट करायला लागलं नाही. ऑफिसमधला एक मित्र फोनवर म्हणत होता सगळं पुसून नव्याने कर, लवकर होईल. नको म्हणलं, फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतात, मग एफएसटॅब आणि एंट्री दोन्हीकडे परत बदला, शिवाय मला बघायचं होतं की माझं कॅलेंडर बरोबर आहे का.

लाइव्हमध्ये बूट केलं. फक्त रूट लावली /एमएनटी वर. /एमएनटी/बूटमध्ये एलएस केलं आणि बसलेत तिघं, व्हीएमलिनक्स, इनिटरॅमएफएस, यूकोड. फार आनंद झाला. ईएफआय पार्टिशन तात्पुरती दुसरीकडे लावली, तिघांना तिकडे हलवलं. मग ती तिथून काढून तिच्या खऱ्या जागी, /एमएनटी/बूटवर. मग होम, मग स्वॅपऑन. मग, हो, एलएसबीएलके. माउंटपॉइंटच्या कॉलममध्ये चारही ओळी भरलेल्या बघितल्या. फाइंडएमएनटी पण मारून बघितलं, ते झाडासारखं दाखवतं, कोण कोणाच्या पोटात आहे ते जास्त नीट कळतं.

एफएसटॅबमध्ये बूटची ओळ नव्हतीच, कारण कालचं जेनएफएसटॅब चाललं तेव्हा बूट लावलेलंच नव्हतं. ते बिचारं जे लावलेलं दिसतं तेवढंच लिहितं, तुमच्या मनात काय आहे ते त्याला कसं कळणार. परत चालवलं. आणि इथे अजून एक गंमत, दोन बाणांच्या चिन्हाने लिहिलं की जुन्या फाइलच्या खाली जोडलं जातं, म्हणजे आता रूट, होम, स्वॅप दोनदोनदा. एका बाणाने लिहिलं असतं तर फाइल नव्याने झाली असती. नॅनोमध्ये उघडून जुन्या ओळी काढल्या.

फाइल उघडलीच होती म्हणून नीट वाचली. एका ओळीत सहा रकाने: काय लावायचं, कुठे लावायचं, कुठली फाइलसिस्टम, ऑप्शन, डंप (हल्ली शून्यच), आणि बूटच्या वेळी तपासणीचा नंबर, रूटला १, बाकीच्यांना २, तपासायचं नसेल तर ०. पहिल्या रकान्यात यूयूआयडी. बुधवारी जे झालं त्यानंतर इथे एसडीए वगैरे लिहायची माझी हिंमत नाही. फॅटचा यूयूआयडी चारचार अक्षरांचा छोटासा असतो, मला आधी वाटलं अर्धवट लिहिला गेलाय.

सीएचरूटमध्ये जाऊन कर्नलचं पॅकेज परत इन्स्टॉल केलं, गरज नव्हती, पण पुढच्या अपडेटला ते बरोबर जागी लिहिलं जातंय का ते आत्ताच बघून घेतलं. जातंय.

बूटसीटीएलने मागे एक इशारा दिला होता की /बूट सगळ्यांना वाचता येतंय, हे सुरक्षित नाही. फॅटला लिनक्ससारख्या परवानग्या ठेवताच येत नाहीत, त्या माउंट करताना ऑप्शनमधून द्यायच्या. एफमास्क आणि डीमास्क दोन्ही ००७७ केले, इशारा गेला.

रीबूट. मेन्यू, एंटर, आणि लॉगिन. दुपारी सव्वादोन. जेवण गार झालं होतं.

मंगळवार, २४ जून

डेस्कटॉप टाकला, एक्सएफसीई. वायफायला वेगळा ड्रायव्हर लागला, चालू झालं. एफएसट्रिमचा टायमर सुरू केला, आठवड्यातून एकदा एसएसडीला कुठली जागा मोकळी झालीय ते सांगतो. देवनागरीचे फॉन्ट टाकले, त्याआधी बाबांच्या फाइलींची नावं म्हणजे नुसते चौकोन होते. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, बाबांना तोच येतो.

शुक्रवार, २७ जून

जुनी डिस्क लावून दिली. आधी हाताने, रीड-ओन्ली. हल्ली कर्नलमध्येच एनटीएफएस३ ड्रायव्हर आहे, २०२१ पासून. फास्ट स्टार्टअप बंद करून, चेकडिस्क करून, नीट शट डाउन केलेलं कामी आलं, एका दमात लागली. फोटो दिसले. मग एफएसटॅबमध्ये ओळ टाकली, /एमएनटी/जुने वर, अजूनही रीड-ओन्लीच. बाबांना सांगितलं इथून फक्त बघायचं, नवीन काही ठेवायचं ते होममध्ये.

त्या डिस्कवर विंडोजची स्वतःची ईएफआय पार्टिशन पण आहे, छोटीशी. एलएसबीएलकेमध्ये दोन फॅट दिसतात. ज्याला दोन डिस्कवर हे करायचंय त्याने साइझ बघूनच बूटला लावावी. माझी १ जीबीची म्हणून लगेच ओळखू आली.

रविवार, २९ जून

सकाळी साडेआठला बाबांचा आवाज, "अगं, डॉस आलंय परत!"

खरंच काळी स्क्रीन. दीड मिनिट एका डिस्कची वाट बघत बसला आणि मग इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड टाका म्हणतोय. डिस्क कुठली, तर जुनीच. कॅडी हलली होती. तीन स्क्रू. बाबांनी लॅपटॉप टेबलवरून पलंगावर नेला होता तेवढ्याने कनेक्शन सुटलं.

स्क्रूची चूक एक, पण मोठी चूक माझी. एफएसटॅबमध्ये लिहिलेली प्रत्येक ओळ सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) बूटसाठी आवश्यक धरतो, ९० सेकंद थांबतो, नाही मिळाली की पुढे जायला नकार. रूट आणि होमसाठी हे बरोबरच आहे. पण फोटोंची डिस्क नाही म्हणून आख्खा लॅपटॉप अडून बसावा असं कशाला? त्या ओळीच्या ऑप्शनमध्ये नोफेल (नाही मिळाली तरी पुढे जा) टाकलं, आणि वाट बघायची वेळ १० सेकंद केली. सिस्टमडीला डीमन-रीलोड सांगितलं.

मग मुद्दाम कॅडी काढून बूट करून बघितलं. आला, डेस्कटॉपपर्यंत, /एमएनटी/जुने रिकामं. बाबांना ते रिकामं दाखवलं तर चेहरा पडला, पाच मिनिटं कॅलेंडर आणि कोनाड्याची गोष्ट सांगितली. आईला पटकन कळली, तिला ते कॅलेंडर आठवत होतं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. घरात साबुदाणा खिचडी, बाबा सकाळपासून लॅपटॉपवर जुने पंढरपूरचे फोटो काढून बसलेत, आणि चालू करून चहा ठेवायला गेले नव्हते.

बाकी राहिलेली कामं: ऑक्टोबरच्या आधी जुन्या डिस्कवरचे हिशोब होममध्ये आणायचे, १५४ मध्ये सगळे फोटो मावणार नाहीत, ते तिथेच राहतील. बाहेरच्या डिस्कचा बॅकअप महिन्यातून एकदा, तारीख बाबांनी स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलीय. हायबरनेट अजून लावून बघितलेलं नाही. कॅडीचा चौथा स्क्रू रविवार पेठेत एका दुकानात मिळेल म्हणालेत, उद्या जाते.